मापाचा ब्लाउज आणि तांदळाच्या सहा पोटल्या

"आकडा सांगा," डॉक्टर किरपेकर म्हणाले.

भाग्यश्रीने आजवर पुष्कळ ठिकाणी पुष्कळ आकडे सांगितले होते. दहावीचा बैठक क्रमांक, गॅसचा ग्राहक क्रमांक, ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये या आठवड्यात सापडलेल्या चुकांची संख्या. शुभंकरकडची मंडळी बघायला आली तेव्हा तिने आपली उंचीसुद्धा अर्ध्या इंचासकट सांगितली होती, आणि तो अर्धा इंच खरा होता. पण या आकड्यापाशी तिची जीभ टाळूला चिकटली.

"कशाचा?" तिने विचारलं. कशाचा ते तिला पक्कं माहीत होतं, पण तेवढाच वेळ मिळाला.

"सीसीचा. किती सीसीचं इम्प्लांट मागवू?"

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण भाग्यश्रीने ती फारशी कुणाला सांगितलेली नव्हती. आठ वर्षांपूर्वी, लग्नाच्या आधी, नोकरीत कायम झाल्याचं पत्र हातात पडलं तेव्हा तिच्याबरोबरच्या मुलींनी स्कूटर घेतली, कुणी आईला पाटल्या केल्या. भाग्यश्रीने मंडईमागच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये जाऊन छातीत दोन्ही बाजूंना सलाईनच्या पिशव्या बसवून घेतल्या. हौस होती. हे शुभंकरला लग्नाआधी सांगितलेलं होतं. त्याने कॉफीचा घोट गिळून "बरं" म्हटलं होतं आणि त्या एका शब्दावर तिने लग्न केलं होतं. सासूबाईंना मात्र काही सांगितलं नव्हतं. मालनबाई परभणीच्या. डोक्यावरचा पदर पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा ढळू न देणाऱ्या. त्यांना कुठल्या शब्दांत सांगणार?

आणि आता तीन आठवड्यांपूर्वी डावीकडची पिशवी गळायला लागली होती.

"सलाईनच्या पिशव्या आता मी वापरत नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही बदलू, सिलिकॉनच्या घालू. फरक एवढाच, की सलाईनची पिशवी रिकामी येते, आत बसवल्यावर पाणी भरताना थोडं कमी-जास्त करता येतं. सिलिकॉन भरून, बंद होऊनच येतं. ठरीव आकड्यात."

"आधी होतं तेवढंच द्या."

"आधी किती होतं?"

त्याचं एक कार्ड होतं. ते भाग्यश्रीने सासरी येताना इतक्या सुरक्षित जागी लपवलं होतं, की पाच वर्षांत ते कुणाच्याही हाती लागलं नव्हतं. तिच्याही नाही.

"पण डॉक्टर," ती आशेने म्हणाली, "गळती थांबली असणार. मध्यंतरी माझे सगळे कुडते डावीकडे ढिले व्हायला लागले होते. आता परत बरोबर बसतायत."

डॉक्टरांनी तपासलं. हात धुतले. हात पुसले. "गळती थांबली आहे हे खरं. कारण आत आता गळायला काही राहिलेलं नाही."

"मग कुडते?"

"कुडत्यांबद्दल मला मत देता येणार नाही. घाबरू नका, पाणीच होतं, शरीरात जिरलं. दिवाळीआधी उरकायचं असेल तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मला आकडा कळवा. आणि हो, शून्य हाही आकडाच आहे. नव्या घालायच्या नसतील तर दोन्ही काढून टाके घालता येतात. बऱ्याच जणी तेही करतात."

शून्याचा विचार तिच्या डोक्यात आलाच नव्हता. तो डॉक्टरांनी घातला, आणि कॅम्पातून विश्रांतवाडीपर्यंतच्या रिक्षात तो तिच्या शेजारी पाय पसरून बसला. चार वर्षांच्या पोरीची आई हौसेच्या पिशव्या बदलायला भूल घेणार? आणि भुलीतून उठलीच नाही तर? काढायच्या म्हटल्या तरी भूल आलीच. नाही काढल्या तर एक बाजू अशीच. सृष्टी रोज तिच्या डाव्या कुशीत डोकं ठेवून झोपायची. गेल्या आठवड्यात ती एकदा डोकं ठेवून पुन्हा उठली होती, हाताने चाचपून बघितलं होतं आणि काही न बोलता उजव्या कुशीत गेली होती. पोरीने विचारलं असतं तर काहीतरी सांगता आलं असतं. न विचारता बाजू बदलली, हे भाग्यश्रीच्या जिव्हारी लागलं होतं.

शुभंकरने प्रश्न ऐकून घेतला आणि लॅपटॉप उघडला. अवघड प्रसंगी तो एक्सेल शीट करायचा. त्यांचं लग्नसुद्धा अकरा रकान्यांमध्ये पार पडलं होतं. त्याने "शून्य", "२७५", "३००", "३२५" असे चार रकाने केले आणि खाली फायदे, तोटे लिहायला जागा सोडली.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"तुला जे योग्य वाटेल ते."

हे वाक्य जगातल्या कुठल्याही नवऱ्याने म्हणू नये असं भाग्यश्रीचं मत होतं.

"तरी. एक आकडा सांग."

तो गडबडला. "सध्याचाच बरा आहे."

"सध्या डावीकडे काहीच नाहीये, शुभंकर."

त्याने शीट सेव्ह केली आणि दूध आणायला गेला. दूध घरात होतं. तो गेल्यावर भाग्यश्रीने त्याच फाइलमध्ये दुसरं पान उघडलं, त्याला "सृष्टी" असं नाव दिलं आणि लिहायला लागली. कढीपत्ता बाजूला काढून द्यावा. केस विंचरताना मागून सुरुवात करू नये. झोपताना डाव्या पायाचा अंगठा पांघरुणाबाहेर लागतो. चौदा ओळी झाल्यावर तिला रडू आलं, म्हणून तिने त्यांना क्रमांक दिले.

मंगळवारी अर्धी रजा टाकून ती मंडईमागच्या नर्सिंग होममध्ये गेली. ऑपरेशन करणारे डॉक्टर केव्हाच ऑस्ट्रेलियाला स्थायिक झाले होते, पण जुने कागद तळघरात होते आणि तळघर नागोराव नावाच्या गृहस्थांच्या ताब्यात होतं. नागोरावांनी खिडकीतून कोरा कागद सरकवला.

"अर्ज लिहा. विषय घालून. विषय नसेल तर आम्ही वाचत नाही."

भाग्यश्रीने तीन कागद फाडले. चौथ्यावर विषय उमटला : सन २००२ मध्ये बसविण्यात आलेल्या साहित्याचे आकारमान कळविणेबाबत.

नागोरावांनी तो मोठ्याने वाचला. त्यांना सगळंच मोठ्याने वाचायची सवय होती. "साहित्य म्हणजे? रॉड? स्क्रू? गुडघ्याची वाटी?"

"तसंच काहीतरी," भाग्यश्री म्हणाली.

रांगेत तिच्या मागे काठी टेकून उभे असलेले एक आजोबा उजळले. "माझ्या खुब्यातही बसवलंय. जर्मन आहे. तुमचं कुठलं?"

"अमेरिकन."

"खुबाच का?"

"त्याच्या जरा वर."

"अमेरिकन टिकत नाही," आजोबांनी रांगेतल्या सर्वांना सांगितलं. भाग्यश्रीला ते नाकारता येईना.

पाऊण तासाने नागोराव कोळिष्टकांसकट वर आले. त्यांच्या हातात एकच पान होतं. त्यावर तिचं माहेरचं नाव, तारीख आणि खाली सुवाच्य अक्षरात : रुग्णाने जमा केलेल्या वस्तू. घड्याळ एक. कानातले जोड एक. चपला जोड एक.

"बाकीची पानं?"

"वाळवी. मोठी हुशार असते मॅडम, नेमकं महत्त्वाचं तेवढं खाते. पण आकडे आहेत की यात. घड्याळ एक, कानातले..."

"ते मला पाठ आहे," भाग्यश्री म्हणाली आणि मंडईतून उगाचच दोन किलो काकड्या घेऊन घरी आली. अपमानाच्या दिवशी ती भाजी जास्त घ्यायची.

उरली पूर्वा. पूर्वा ऑफिसात तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची, विश्रांतवाडीतूनच कंपनीच्या बसने यायची आणि तिला हे गुपित माहीत होतं, कारण पूर्वापासून काही लपवणं म्हणजे एक्सरेपासून हाड लपवण्यासारखं होतं.

"अगं, सिंपल आहे," पूर्वा बसमध्ये हळू आवाजात म्हणाली. पूर्वाच्या हळू आवाजाला मागच्या तीन सीटा शांत होत. "नेटवर एक फोरम आहे. अमेरिकेत बायका काय करतात, पिशवीत तांदूळ मोजून भरतात. जितके सीसी, तितका तांदूळ. त्या दोन पिशव्या आत घालून दिवसभर वावरायचं. जो साइज कम्फर्टेबल वाटेल तो फायनल. प्रॉपर टेस्टिंग. तू टेस्टरच आहेस ना?"

टेस्टिंग म्हटल्यावर भाग्यश्रीला आठवड्यात पहिल्यांदा हायसं वाटलं. बुधवारी सासूबाई सृष्टीला शाळेतून आणायला गेल्या तेव्हा तिने घरून काम करण्याच्या नावाखाली स्वयंपाकघराचं दार लावलं. मोजायला काय घ्यावं? वाटी, फुलपात्र यांवर रेषा नव्हत्या. रेषा होत्या सृष्टीच्या जुन्या दुधाच्या बाटलीवर. ती बाटली भाग्यश्रीने माळ्यावर जपून ठेवली होती. तिच्या तळाला अजून पावडरच्या दुधाचा वास होता, निदान तिला तरी तो आला. पूर्वी तिने या बाटलीवरची रेषा पहाटे डोळे ताणताणून बघितली होती, पोर किती प्यायली त्यावर दिवस चांगला की वाईट ते ठरायचं. आता त्याच रेषेपर्यंत ती तांदूळ ओतत होती, डोळे तसेच ताणून.

पोटल्या घरात होत्याच. मालनबाईंनी परभणीत वीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले होते. पुण्यात आल्या तरी मशीन बरोबर आलं, आणि उरलेल्या तुकड्यांच्या नाडीच्या पोटल्या शिवून त्या एक अख्खा खण भरून ठेवायच्या. भाग्यश्रीने सहा घेतल्या. २७५ च्या दोन, ३०० च्या दोन, ३२५ च्या दोन. गोंधळ नको म्हणून प्रत्येकीवर पेनाने आकडा घातला आणि पुढे "डा" किंवा "उ", म्हणजे डावी, उजवी.

मग प्रश्न आला लपवायच्या जागेचा. कपाटात सृष्टी उचकते. गादीखाली शुभंकर बसतो. विचाराअंती तिने पोटल्या तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या आत पुरल्या. मालनबाईंच्या लेखी भात हे तापातलं जेवण, जेवायची ती ज्वारीची भाकरी. त्या डब्याचं झाकण त्या महिन्यातून एकदा उघडत. एकूण योजनेत भाग्यश्रीला कुठेही चूक सापडेना, आणि चुका शोधण्याचाच तर तिला पगार मिळत होता.

शुक्रवारी ती ३२५ घालून ऑफिसला गेली. वरून सैल कुडता, त्यावर ओढणी, त्यावर दुसरी ओढणी. डावीकडे ठीक होतं. उजवीकडे मुळात पिशवी शाबूत आणि वर सव्वातीनशेचा तांदूळ, त्यामुळे उजवी बाजू तिच्या आधी दारातून आत जात होती. पण फोरमवर "दोन्ही बाजूंना घालाव्यात" असं लिहिलं होतं. घाबरलेलं माणूस सूचनांबाहेर जात नाही.

अकरा वाजता क्लायंटचा कॉल. भाग्यश्री उठून फळ्यावर काहीतरी दाखवत होती. ३२५ पोटलीच्या मानाने जास्तच होते. आधी तिला पोटावरून काहीतरी बारीक घरंगळल्यासारखं वाटलं. मग टाइल्सवर बारीक टपटप ऐकू आली. ती बोलत राहिली. तांदूळही येत राहिला. पूर्वाने टेबलाखाली पाहिलं, पांढरीफटक पडली, "पेन पडलं" म्हणून खाली वाकली आणि उरलेला अर्धा तास ते पेन शोधत राहिली.

कॉल संपल्यावर भाग्यश्री बाथरूमकडे अशी निघाली, जणू शत्रूच्या प्रदेशातून चालली आहे. तिच्या मागे कॉरिडॉरभर पांढरी रेघ उमटली. दारावरच्या सिक्युरिटीच्या उत्तरेश्वरने ती कौतुकाने पाहिली.

"मॅडम, लग्नाहून आलात जणू? अक्षता पडायल्यात अंगातून."

"चुलत बहिणीचं," भाग्यश्री म्हणाली.

"नवरात्रात?"

"रजिस्टर."

रजिस्टर लग्नात अक्षता कुठून, हे विचारण्याइतका उत्तरेश्वर असंस्कृत नव्हता.

संध्याकाळी दोन रिकाम्या होत आलेल्या पोटल्या जेवणाच्या डब्यात घालून ती सोसायटीत शिरली, तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या कौशल्याकाकू. हातात नारळ, कपाळाला ताजं हळदीकुंकू.

"ओटी छान भरली हो तुझ्या सासूबाईंनी. चौघींनाच बोलावलं, पण मनापासून," काकू म्हणाल्या. "फक्त एक विचारू? आमच्याकडे ओटीच्या तांदळावर नंबर घालत नाहीत. तुमच्याकडे घालतात का?"

काकूंच्या तळहातावर हिरव्या खणाची पोटली होती. तिच्यावर भाग्यश्रीच्या अक्षरात "३०० उ".

जिन्याचा कठडा लोखंडी होता, म्हणून त्याने तिला धरून ठेवलं.

"लकी ड्रॉ आहे ना?" काकूंनीच वाट काढून दिली. "मी म्हटलंच. हल्ली नवरात्रात सगळीकडे पैठणीचे ड्रॉ असतात. उ म्हणजे काय, उत्तेजनार्थ? असेल. माझ्या वाट्याला जन्मभर उत्तेजनार्थच आलंय."

"हो, लकी ड्रॉ," भाग्यश्रीच्या तोंडून गेलं.

"कधी?"

"दसऱ्याला."

"बक्षीस?"

"ते गुपित आहे," भाग्यश्री म्हणाली. दिवसभरातलं तिचं हे पहिलं खरं वाक्य होतं.

घरात मालनबाई शिवणाच्या मशीनपाशी बसल्या होत्या. मशीन बंद होतं. गेले काही दिवस ते दुपारी सारखं चालायचं. काय शिवता विचारलं की त्या म्हणायच्या, सृष्टीच्या बाहुलीचे कपडे. बाहुली मात्र अजून त्याच फाटक्या फ्रॉकमध्ये सोफ्यावर पडलेली असायची.

"सृष्टी शुभंकरसंगं खाली गेलीय, दांडिया बघायला," मालनबाई म्हणाल्या. "दार लाव."

भाग्यश्रीने दार लावलं.

"तांदळाच्या डब्यात पोटल्या घावल्या. मला वाटलं, सुनेनं ओटीची तयारी करून ठेवली, किती गुणाची. दिल्या. तिसरी देताना आकडा दिसला. म्होरं डा, उ. माझ्या मापाच्या वहीत मी असंच लिहिते." त्या थांबल्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "गाठ हाय का गं?"

भाग्यश्रीला प्रश्नच कळला नाही.

"माझ्या धाकट्या बहिणीनं असंच लपवलं होतं. पदर ओढून ओढून. आम्हाला कळलं तवा डॉक्टर नको म्हणाले. तुझी डावी बाजू ढिली पडली ते मी पहिल्याच दिवशी बघितलं. वीस वर्षं बायकांची मापं घेतलीत मी, मला दिसत नाही होय? इचारायला जीभ उचलंना. मग काय करू? तुझा एकेक ब्लाउज, एकेक कुडता डावीकडनं आत घेत बसले. लोकांच्या नजरेला येऊ नये म्हणून. आजची ओटी मी देवीला तुझ्यासाठीच बोलले होते. तू सांगंनास, मी इचारंना."

कुडते. डॉक्टरांना मत देता न आलेले कुडते. तीन आठवडे ती आरशासमोर स्वतःला समजावत होती की काही झालेलं नाही, बघ, कसं नीट बसतंय. आणि पलीकडच्या खोलीत ही बाई भीतीने गप्प राहून टाके घालत होती.

"आई, गाठ नाहीये," ती म्हणाली. "देवाशप्पथ नाहीये." मग जमिनीकडे बघत तिने सगळं सांगितलं. नोकरी, नर्सिंग होम, पिशव्या, गळती.

"आत काय होतं पिशवीत?"

"सलाईन. म्हणजे मिठाचं पाणी."

"निस्तं मिठाचं पाणी?"

"निर्जंतुक असतं," भाग्यश्री म्हणाली. त्या क्षणीही तिला तपशील चुकलेला चालत नव्हता.

"आन् आजार काही नाही?"

"काही नाही."

मालनबाई आधी हसल्या, मग रडल्या. शेवटी चिडल्या, आणि चिडल्या तेव्हा कुठे त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "तीन आठवडे घशाखाली भाकर उतरली नाही माझ्या! मिठाच्या पाण्यापायी! अन् आधी तरी कशाला केलतंस ते?"

या प्रश्नाची उत्तरं भाग्यश्रीने पाच वर्षं तयार ठेवली होती. आत्मविश्वास, व्यक्तिमत्त्व, आधुनिक स्त्री. त्यांतलं एकही तोंडात आलं नाही.

"हौस होती."

मालनबाईंनी नाक पुसलं. खिडकीकडे पाहिलं. "माझ्या लग्नात माझ्या वेणीत गंगावन होतं," त्या म्हणाल्या. "हातभर. माझे केस एवढेसेच. तुझे सासरे बद्रीनाथराव चार माणसांत सांगायचे, मालनचे केस काय होते म्हणून. बाळंतपणात गळाले म्हटलं मी. मरेपर्यंत तेच धरून बसले बिचारे." त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप अजिबात नव्हता. "बरं. आता पुढं काय?"

"सोमवारी आकडा सांगायचाय. शून्यही सांगता येतो. काढूनच टाकायच्या. भुलीची भीती वाटते आई. सृष्टी एवढीशी आहे. आणि लोक म्हणतील..."

"लोकांना लकी ड्रॉ दिलास ना तू? जिन्यातलं तुमचं बोलणं ऐकलं मी. मग लोकांचं झालं. भूल दोन्हीकडं हाय, भीती वाटंल, वाटू दे, मी बसते दाराशी. शिवण काय, दोन्हीकडं जाते. काढून टाकलंस तर सगळे ब्लाउज आत घेऊन देते. ठेवलंस तर सोडून देते. पण माप तू सांगायचं. अंगात तुला घालायचाय."

शुभंकरही हेच म्हणाला होता खरं तर. पण तो म्हणाला आणि दूध आणायला गेला. मालनबाई बसून राहिल्या, उत्तराची वाट बघत.

"मला आधी होते तेवढीच व्हायचंय," भाग्यश्री म्हणाली. "जास्त नको. कमी नको. पण तो आकडा कुणालाच माहीत नाही."

मालनबाई उठल्या. पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून मोहरीच्या रंगाचा एक जुना ब्लाउज काढला. भाग्यश्रीने ओळखला. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला शिवलेला, सगळ्यांत छान बसणारा. प्रत्येक नवा ब्लाउज शिवताना मालनबाई तोच समोर ठेवायच्या.

"याला हात लावलेला नाही. मापाच्या ब्लाउजला हात लावत नसतात. घाल."

तिने घातला. उजवी बाजू चपखल. डावी रिकामी, चुण्या पडलेली.

मालनबाईंनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. "उजवी भरलेली हाय?"

"हो."

"मग उजवीकडं तांदूळ कशाला घातलेस?"

भाग्यश्री फर्स्ट क्लासमध्ये बी.ई. झाली होती. विद्यापीठाच्या सहीचं प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत, काचेच्या चौकटीत होतं. खालून दांडियाचा आवाज येत होता.

"फोरमवर दोन लिहिल्या होत्या," ती शेवटी म्हणाली.

मालनबाईंनी नवी पोटली घेतली, सृष्टीची बाटली घेतली आणि तांदूळ भरायला लागल्या. थोडा भरायच्या, डावीकडे बसवायच्या, शिवणीवर दोन बोटं ठेवून डोळे मिटायच्या, पुन्हा काढायच्या. आणखी मूठभर. थोडा जास्त झाला, चिमटीने काढला. दोन्हीकडच्या शिवणी सारख्या ताणाच्या झाल्या तेव्हा त्यांनी पोटली बाटलीत रिकामी केली. बाटली रेषेपर्यंत भरली, दोनशे चाळीस. उरलेला तांदूळ पुन्हा मोजला. साठ.

"तीनशे," भाग्यश्री कुजबुजली.

"दोन दाणे कमी," मालनबाई म्हणाल्या.

"त्याला आकडा नसतो आई."

"नसू दे. मी सांगून ठेवलं."

दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या चौघी आपापली पोटली घेऊन दिवाणखान्यात बसल्या. मालनबाईंनी कुठलीही चिठ्ठी न उचलता निकाल जाहीर केला. "तीनशे. बक्षीस, एक ब्लाउज शिवून." तीनशेच्या दोघी होत्या, म्हणून दोघींना. कौशल्याकाकूंनी तीन वेळा पोटली तपासली. "उत्तेजनार्थ नाही ना? नक्की?" आणि लगेच खाली जाऊन स्वतःचा मापाचा ब्लाउज घेऊन आल्या, माणसांचा काय भरवसा.

सोमवारी नऊ वाजता भाग्यश्रीने फोन लावला. आकडा एका दमात बाहेर पडला.

"कशावरून ठरवलंत?" किरपेकरांनी विचारलं.

"मापाचा ब्लाउज होता."

किरपेकरांनी आकडा लिहून घेतला. "ठीक. शेजारचा आकडाही मागवून ठेवतो. लागला तर."

"लागणार नाही," भाग्यश्री म्हणाली.

ऑपरेशनच्या सकाळी तिने शुभंकरला एक्सेलचं दुसरं पान दाखवलं. त्याने सगळ्या ओळी वाचल्या. लॅपटॉप मिटला. "अंगठा डावा नाही, उजवा," तो म्हणाला. "उठून ये आणि दुरुस्त कर." या खेपेला तो दूध आणायला गेला नाही. स्ट्रेचर आत नेईपर्यंत तो तिचा हात धरून चालला. दाराशी मालनबाई स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत मापाचा ब्लाउज. तो कशाला आणला ते त्यांना कुणी विचारलं नाही.

तिला जाग आली तेव्हा छाती जड होती, घसा कोरडा होता, आणि किरपेकर सासूबाईंशी बोलत होते.

"अगदी बरोबर बसलं. उजवीकडची जुनी पिशवी शाबूत निघाली, म्हणून आतलं पाणी मोजलं. दोनशे अठ्ठ्याण्णव."

"म्हटलं होतं," मालनबाई म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीत भाग्यश्री पलंगावर उशांना टेकून बसली होती. तिला जड उचलायचं नव्हतं. मालनबाई पायाशी बसून कुडते, ब्लाउज एकेक करून पुढे घेत होत्या आणि डावीकडचे टाके उसवत होत्या. सृष्टी निघालेले धागे गोळा करून वाटीत ठेवत होती. मध्येच तिने आईच्या डाव्या कुशीकडे पाहिलं. जवळ आली, अगदी हळू गाल टेकवला, थोडा वेळ तशीच राहिली. मग समाधान झाल्यासारखी उठून परत धाग्यांकडे गेली.

"आजी," ती म्हणाली, "माझ्या बाहुलीचे कपडे कधी शिवणार? तू रोज म्हणायचीस, शिवते म्हणून."

मालनबाईंनी दातांनी धागा तोडला.

"आता शिवते, माझे बाई. आधी तुझ्या आईचं उसवू दे."